पदवी, परवाना आणि दोनशे तास : वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांनी संस्था कशी निवडावी?

ऑक्टोबर २०२५च्या प्रारंभी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजेच डीजीसीएने, देशातील उड्डाण-प्रशिक्षण संस्थांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. ८५ टक्के वा त्याहून अधिक गुणांसाठी ‘ए प्लस प्लस’, ७० ते ८५साठी ‘ए’, ५० ते ७०साठी ‘बी’ आणि ५०पेक्षा कमी गुणांसाठी ‘सी’ अशा चार श्रेणी ठरवण्यात आल्या होत्या. निकाल लागला तेव्हा वरच्या दोन्ही श्रेणी रिकाम्या होत्या. ३५ संस्थांपैकी १३ संस्था ‘बी’मध्ये आणि उरलेल्या २२ ‘सी’मध्ये होत्या. शंभरापैकी पन्नास गुणही न मिळवलेल्या संस्थांचे प्रमाण तीनास दोनच्या जवळ जाते.

ही बातमी एक-दोन दिवस वाचली गेली आणि मागे पडली. वास्तविक बारावीत शिकणाऱ्या ज्या मुलामुलींनी वैमानिक होण्याचे ठरवले आहे, त्यांच्या घरात तिची चर्चा महिनाभर चालायला हवी होती. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी आज सर्वसाधारणपणे अर्धा कोटी रुपयांच्या पुढे खर्च येतो. त्यानंतर विशिष्ट जातीचे प्रवासी विमान चालवण्याची पात्रता, म्हणजे ‘टाइप रेटिंग’, मिळवण्यासाठी आणखी दहा-वीस लाख लागतात. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घराखालोखाल इतका मोठा खर्च दुसरा होत नाही. पुष्कळदा तर तेच घर तारण ठेवून हा खर्च उभा राहतो.

दिल्लीच्या नैर्ऋत्येला, जयपूरच्या महामार्गावर वसलेल्या मानेसरचे उदाहरण या प्रश्नाच्या सर्व बाजू दाखवणारे आहे. मोटार आणि दुचाकी कारखान्यांमुळे वाढलेल्या या औद्योगिक नगरात देशभरातून अभियंते आणि तंत्रज्ञ आले. त्यांत पुणे-नाशिककडची मराठी कुटुंबेही आहेत. शेजारच्या गुरुग्राममध्ये एअर इंडिया, इंडिगो आणि स्पाइसजेट या तिन्ही कंपन्यांची मुख्यालये आहेत. एअर इंडियाची प्रशिक्षण अकादमी तिथेच आहे आणि एअरबसच्या भागीदारीत उभारलेले सिम्युलेटर केंद्रही तिथेच आहे. दिल्लीतील द्वारका हा भाग तर डीजीसीएच्या लेखी परीक्षांच्या शिकवणी-वर्गांसाठी देशभर ओळखला जातो. मानेसरच्या मुलाला किंवा मुलीला वैमानिक होण्याची वाट घराच्या दारापासूनच सुरू होते असे वाटावे, इतके हे सारे जवळ आहे.

प्रत्यक्षात त्या परिसरात जे जवळ आहे ते वर्ग, सिम्युलेटर आणि कार्यालये. परवान्यासाठी लागणारे उड्डाण तिथे होत नाही आणि होऊही शकत नाही. मानेसर दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय विमानतळापासून रस्त्याने तासाभराच्या अंतरावर आहे. सतत प्रवासी विमाने चढत-उतरत असलेल्या त्या आकाशात नवशिक्याच्या दोन आसनी विमानाला घिरट्या घालण्यास जागा नाही. त्यासाठी भिवानी, नारनौल, कर्नाल, हिसार अशा दूरच्या धावपट्ट्यांवर जावे लागते. म्हणून एखाद्या संस्थेचा पत्ता दिल्ली परिसरातला असेल, तर पालकांनी विचारण्याचा पहिला प्रश्न असा, की विमान नेमके कुठल्या धावपट्टीवरून उडते आणि विद्यार्थी वर्षातले किती महिने तिथे राहतो.

दुसरा गोंधळ ‘कॉलेज’ या शब्दाभोवती आहे. गेल्या काही वर्षांत विमानचालन विषयातील पदवी देणारे अभ्यासक्रम वाढले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांवर गणवेशातील विद्यार्थी, झळाळते सिम्युलेटर आणि मागे उभे असलेले जेट विमान दिसते. हा सगळा थाट अमेरिकेतील विद्यापीठीय विमानचालन अभ्यासक्रमांच्या धर्तीवरचा आहे. पण अमेरिकेत या पदवीला जे वजन आहे त्यामागे एक ठोस कायदेशीर कारण आहे, ते भारतात अस्तित्वात नाही.

१२ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेत बफेलो शहराजवळ कोलगन एअरचे विमान कोसळून त्यातील सर्व ४९ जण आणि जमिनीवरील एक जण मृत्युमुखी पडला. त्या अपघातानंतर झालेल्या कायद्याने २०१३पासून तिथल्या प्रवासी विमानांच्या सहवैमानिकालाही १,५०० उड्डाण-तासांची अट लागू झाली. मान्यताप्राप्त विद्यापीठातून विमानचालनाची चार वर्षांची पदवी घेणाऱ्याला मात्र ही अट १,००० तासांवर येते. म्हणजे तिथली पदवी विद्यार्थ्याचे पाचशे तास वाचवते. नोकरी तेवढी आधी मिळते. कॉलेजमधून उड्डाण शिकावे हा तिकडचा सल्ला या हिशेबावर उभा आहे.

भारतात तसा हिशेबच नाही. येथे व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० उड्डाण-तास लागतात. त्यांपैकी १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून पूर्ण करावे लागतात. त्यात एका गावाहून दुसऱ्या गावी केलेली दूरची उड्डाणे आणि रात्रीची उड्डाणे यांच्या वेगळ्या अटी आहेत. सोबत एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, विमान-नियम आणि तांत्रिक विषयांच्या लेखी परीक्षा असतात आणि प्रत्येक परीक्षेत ७० टक्के गुण आवश्यक असतात. पदवीधर असो वा केवळ बारावी, या अटींत एका तासाचीही सूट नाही. परवाना डीजीसीए देते, विद्यापीठ देत नाही. पदवी हातात आहे पण तास नव्वदच झाले आहेत, अशा विद्यार्थ्याला कोणतीही कंपनी विमानात बसवू शकत नाही.

याचा अर्थ पदवी निरुपयोगी आहे असा नाही. वैद्यकीय तपासणीत पुढे कधी दोष निघाला, किंवा विमान कंपन्यांची भरती थांबली, तर पदवीचा आधार असतो. एप्रिल २०१९मध्ये जेट एअरवेजची विमाने जमिनीवर आली तेव्हा अनेक अनुभवी वैमानिकांनाही तो आधार आठवला असेल. पण मग त्या आधाराची निवडही डोळसपणे व्हावी. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. केलेल्याला हवाई वाहतूक नियंत्रकाच्या भरतीसह इतर अनेक दारे उघडी राहतात. केवळ विमानचालनाच्या नावाने दिलेली पदवी त्यांतली किती दारे उघडते, हे प्रवेश घेण्यापूर्वीच तपासले पाहिजे. पदवीचा निर्णय आणि उड्डाण-संस्थेचा निर्णय हे दोन वेगळे निर्णय आहेत. त्यांची एकच गाठोडी बांधून विकली जात असेल, तर विकत घेणाऱ्याने ती सोडून पाहावी.

मग उड्डाण-संस्था पारखायची कशी? उत्तर साध्या अंकगणितात आहे. समजा, एका संस्थेकडे दहा विमाने आहेत. त्यांतली तीन दुरुस्तीत किंवा सुट्या भागांच्या प्रतीक्षेत उभी आहेत. उरलेली सात विमाने महिन्याला प्रत्येकी ७० तास उडतात, म्हणजे एकूण ४९० तास. विद्यार्थी १०० असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला पाच तासही येत नाहीत. या गतीने २०० तास पूर्ण व्हायला ४१ महिने, म्हणजे जवळजवळ साडेतीन वर्षे लागतील. त्याच सात विमानांवर ३५ विद्यार्थी असतील, तर प्रत्येकाला महिन्याला १४ तास मिळतील आणि प्रशिक्षण सव्वा वर्षाच्या आत संपेल. विमाने तीच, धावपट्टी तीच, शुल्कही कदाचित तेच. फरक पडला तो प्रवेश किती जणांना दिला यामुळे.

उशिराची किंमत पैशात मोजता येते. ४० लाखांच्या कर्जावर ११ टक्के व्याज धरले, तर प्रत्येक वाढीव वर्षाला ४ लाख ४० हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात. वसतिगृह, जेवण आणि दरवर्षी नव्याने करावी लागणारी पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी यांचा खर्च वेगळाच. त्याहून गंभीर किंमत कौशल्याची आहे. विमान उतरवणे हे हात, डोळे आणि मन यांचे एकत्रित काम आहे. दोन उड्डाणांत तीन आठवड्यांचा खंड पडला, की पुढचे उड्डाण नवे शिकण्यात न जाता विसरलेले आठवण्यात जाते. परवान्यावर तास दोनशेच लिहिले जातात, पण त्यांतले खरे शिकण्याचे किती, हे कागद सांगत नाही.

हवामानाचा हिशेबही याच अंकगणिताचा भाग आहे. नवशिक्याचे बहुतेक उड्डाण बाहेर पाहून, नजरेच्या आधारे होते आणि त्यासाठी सामान्यतः किमान पाच किलोमीटर दृश्यमानता लागते. उत्तर भारताच्या मैदानात नोव्हेंबरपासून धूर आणि डिसेंबर-जानेवारीत दाट धुके यांमुळे सकाळचे कित्येक तास हातचे जातात. महाराष्ट्रात धुक्याचा त्रास कमी, पण जून ते सप्टेंबर पाऊस आणि खाली उतरलेले ढग विमाने जमिनीवर बसवतात. कोणतीही जागा बारमाही उत्तम नाही. मात्र वर्षाला उड्डाणयोग्य दिवस किती मिळाले याची नोंद संस्थेकडे असतेच आणि ती मागता येते.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा आहे. हवा तापली की विरळ होते. समुद्रसपाटीपासून १,००० फूट उंचीच्या धावपट्टीवर प्रमाणित तापमान १३ अंश सेल्सिअस मानले जाते. तिथे पारा ४५ अंशांवर गेला, तर विमानाला ती धावपट्टी सुमारे ४,८०० फुटांवर असल्यासारखी वाटते. हवेची घनता समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेपेक्षा आठव्या हिश्श्याने कमी झालेली असते. पंखांना उचल कमी, इंजिनाला प्राणवायू कमी, पंख्याची ओढ कमी. छोटे विमान अधिक लांब धावते आणि सावकाश चढते. म्हणून हरियाणात काय किंवा विदर्भात काय, मे महिन्याच्या दुपारी चांगली संस्था विद्यार्थ्याला उडवत नाही. उन्हाळ्यातही सकाळ-दुपार-संध्याकाळ सारखीच उड्डाणे होतील असे आश्वासन जिथे मिळते, तिथे सावध व्हावे.

याच फूटपट्टीने महाराष्ट्रातील एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प मोजून पाहता येतो. अमरावतीजवळ बेलोरा विमानतळावर एअर इंडियाने महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या सहकार्याने उड्डाण-प्रशिक्षण संस्था उभारण्याची घोषणा २०२४मध्ये केली. वर्षाला १८० वैमानिक घडवण्याचे उद्दिष्ट आणि ३४ प्रशिक्षण विमानांची मागणी असे त्याचे जाहीर आकडे आहेत. १८० विद्यार्थ्यांचे प्रत्येकी २०० तास म्हणजे वर्षाला ३६,००० तास. ते ३४ विमानांत वाटले, तर प्रत्येक विमानाने वर्षाला सुमारे १,०६० तास, म्हणजे महिन्याला ८८ तास उडायला हवे. पावसाळा आणि देखभालीचे दिवस धरूनही दररोजची सरासरी तीन तासांच्या आसपास येते. हे अशक्य नाही, पण त्यासाठी कुशल तंत्रज्ञ, सुट्या भागांचा साठा आणि पुरेसे प्रशिक्षक कायम हाताशी असावे लागतील. मोठ्या नावामुळे हा हिशेब टळत नाही. तो पूर्ण झाला, तर मानेसरच्या मराठी घरातले मूल गुरुग्राम ओलांडून शिकायला विदर्भात जाईल, आणि ती निवड शहाणपणाची ठरेल.

महाराष्ट्राला या विद्येची परंपरा आहे. १९२८मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळवला. आज गोंदिया, बारामती, धुळे, शिरपूर अशा ठिकाणी प्रशिक्षण विमाने उडतात. परंपरा मात्र सुरक्षिततेची हमी देत नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये बारामती परिसरात चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि डीजीसीएला संबंधित संस्थेचे प्रशिक्षण थांबवावे लागले. अशा वेळी त्या संस्थेत पैसे भरलेल्या विद्यार्थ्यांचे तासही थांबतात. म्हणून शुल्क एकरकमी न भरता झालेल्या तासांप्रमाणे टप्प्याटप्प्याने भरण्याची सोय आहे का आणि संस्था बंद पडल्यास परताव्याची अट काय, हे लेखी घेतल्यावाचून प्रवेश घेऊ नये.

विमान कंपन्यांच्या ‘कॅडेट’ योजना हा आणखी एक मार्ग. त्यात कंपनी आधी निवड करते, ठरावीक संस्थेत पाठवते आणि पुढे नोकरीचे सशर्त आश्वासन देते. खर्च स्वतंत्रपणे शिकण्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. इथे सारा भार ‘सशर्त’ या शब्दावर आहे. भरती लांबली, विमाने उशिरा आली, धोरण बदलले, तर कंपनी कशाला बांधील आहे आणि विद्यार्थी कशाला, हे करारात शोधावे; जाहिरातीत ते सापडत नाही.

या सगळ्या तपासणीच्याही आधीची एक पायरी आहे. डीजीसीएच्या पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी पार पडेपर्यंत कोणत्याही संस्थेला मोठी रक्कम देऊ नये. रंगदृष्टी, श्रवण, हृदय यांतला एखादा दोष दोनशे तासांनंतर कळण्यापेक्षा पहिल्या तासाआधी कळणे केव्हाही बरे.

एवढे प्रश्न एकट्या पालकाने विचारायचे आणि संस्थेने सांगितलेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, ही व्यवस्था मुळातच लंगडी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याच्या उड्डाणाची नोंदवही असते. प्रत्येक विमानाच्या तासांची आणि देखभालीची नोंद असते. परवान्यांचे अर्ज डीजीसीएच्या ई-जीसीए या संगणकीय मंचावरूनच जातात. म्हणजे अमुक संस्थेत प्रवेशापासून परवान्यापर्यंत किती महिने लागतात, हे काढण्यासाठी नवी माहिती गोळा करण्याची गरज नाही. आहे ती जोडून प्रसिद्ध करायची आहे. क्रमवारीतले एक अक्षर पालकाला काय सांगते? ‘बी’ आहे म्हणून मुलगी अठरा महिन्यांत परत येईल की चाळीस, हे त्या अक्षरातून कळत नाही. प्रत्येक संस्थेची विद्यार्थीसंख्या, उडण्यायोग्य विमाने, महिन्याचे एकूण उड्डाण-तास, परवान्यास लागलेला मध्यम कालावधी आणि अपघातांची नोंद एवढे पाच आकडे दर सहा महिन्यांनी जाहीर करणे डीजीसीएने बंधनकारक करावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गैरलागू नाही. कालावधी जाहीर केला, तर संस्था घाई करतील. न उडालेले तासही वहीत लिहिले जातील. २०११मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली होती, तेव्हा अशी भीती निराधार म्हणता येत नाही. पण लपवाछपवी अंधारात अधिक सोपी असते. सात विमानांवर शंभर विद्यार्थी दाखवणारी संस्था जर सव्वा वर्षात सर्वांना परवाने देत असेल, तर जाहीर आकड्यांतील ती विसंगती दहावीचे गणित येणाऱ्या कोणालाही दिसेल. इंधनाची बिले आणि इंजिनाचे तास वहीशी ताडून पाहणे नियामकाला अवघड नाही.

देशाला वैमानिक हवे आहेत यात शंका नाही. इंडिगोने जून २०२३मध्ये ५०० विमानांची, तर एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० विमानांची मागणी नोंदवली. डीजीसीएने २०२२मध्ये १,१६५ आणि २०२३मध्ये १,६२२ व्यावसायिक परवाने दिले. डिसेंबर २०२५मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा वैमानिकांचे नियोजन किती काटेकोर असावे लागते हे प्रवाशांनीही अनुभवले. पण देशाची गरज आणि एका विद्यार्थ्याची नोकरी यांच्यामध्ये दोनशे तास उभे आहेत, आणि ते तास कोणत्या संस्थेत, किती महिन्यांत आणि किती दर्जाचे होतील हे त्याने स्वतः शोधायचे आहे.

तोवर पालकांच्या हाती एक उपाय आहे. प्रवेशापूर्वी त्या धावपट्टीवर दोन दिवस जाऊन थांबावे. विमाने किती उडतात आणि किती झाकून ठेवली आहेत ते मोजावे. शेवटच्या वर्षातल्या चार विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की प्रवेश कधी घेतला आणि आजवर तास किती झाले. पहिल्या उत्तरापासून किती महिने गेले ते मोजून दुसऱ्या उत्तराला त्या संख्येने भागावे. जो आकडा येईल, त्यावरच अर्ध्या कोटीचा निर्णय घ्यावा.